मनगटावरचं ऊन

घड्याळ हा आपल्याकडे बायकांच्या बाबतीत निम्मा दागिनाच. मुलीच्या लग्नात घड्याळ घेताना काय बघितलं जातं? पट्टा सोनेरी आहे ना, साडीवर शोभेल ना, बांगड्यांच्या पुढे नीट बसेल ना. डायल एवढीशी, नखाएवढी. त्यात किती वाजले हे दिसतं का, असं विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मग दीड-दोन वर्षांनी सेल संपतो, ‘बदलू कधीतरी’ म्हणत ते घड्याळ कपाटातल्या डबीत जाऊन पडतं आणि वेळ बघायला हातात उरतो तो मोबाइल.

गंमत म्हणजे मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे आणि मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकी नखरा असं समजायचे. पहिल्या महायुद्धात खंदकात लढताना खिशातून घड्याळ काढायला फुरसत मिळेना, तेव्हा सैनिकांनी ते मनगटावर बांधलं. तिथून ते दणकट झालं, पाण्यात चालायला लागलं, अंधारात दिसायला लागलं. आपल्या वाट्याला मात्र नखाएवढी डायलच राहिली.

आता हा विषय काढायचं कारण सांगते. आमचं दहिसर म्हणजे मुंबईचं उत्तरेकडचं शेवटचं उपनगर. नाका ओलांडला की मीरा रोड. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पश्चिमेला मनोरीची खाडी आणि या दोन्हींना जोडणारी दहिसर नदी. हल्ली इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका डोंगरावर जायला लागल्यात. मुलं मोठी झाली, गुडघे अजून साथ देतात, मग रविवारी पहाटेची गाडी पकडायची आणि सफाळ्याला उतरून तांदुळवाडीचा किल्ला गाठायचा, नाहीतर वसईकडे तुंगारेश्वर, कामणदुर्ग, हायवेनं गेलं तर अशेरीगड. बूट, रेनकोट, काठी, सगळी खरेदी विचारपूर्वक होते. घड्याळाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, ‘अहो, मोबाइल आहे ना!’

डोंगरात मोबाइलचं काय होतं ते जाऊन आलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. रेंज नसली की तो सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. त्यात फोटो काढायचे, रस्ता बघायचा, गाणी लावायची. पावसात स्क्रीन ओली झाली की बोटाला दाद देत नाही. म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅक पाठीवर. वेळ बघायची तर सगळ्यांनी थांबायचं. मग कुणी बघतच नाही. आणि डोंगरातले घोळ बहुतेक वेळा पाय घसरून होत नाहीत, उशीर होऊन होतात.

मुंबईकडे नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे. पण हे सपाटीचं झालं. दरीत, झाडीत, ढग उतरलेले असताना अंधार त्याच्या बराच आधी होतो. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा दुपारच्या पावसानंतर मांडीएवढा होतो. म्हणून जाणती माणसं निघतानाच परतीची वेळ ठरवतात. बारा म्हणजे बारा. शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी बाराला मागे फिरायचं. ही वेळ मनगटावर गजर लावून ठेवली की कुणाशी वाद घालावा लागत नाही. गटात एखादे उत्साही भाऊजी असतातच, ‘एवढं आलोय तर झेंडा लावूनच जाऊ’ म्हणणारे. गजर वाजला की त्यांच्याशी घड्याळच बोलतं.

हे झालं हौसेचं. दुसरी गोष्ट हौसेची नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लोकल बंद, रस्ते बंद, माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी आली. दहिसर नदी तुळशी तलावाकडून उगम पावते आणि जेमतेम १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. एरवी तिला आम्ही नालाच म्हणायचो. त्या दिवशी ती नदी आहे हे तिनं दाखवून दिलं. आमच्या इमारतीत दोन रात्री वीज नव्हती. फोन मुके. भिंतीवरची घड्याळं अंधारात दिसत नव्हती आणि पाण्यातून आलेल्यांच्या मनगटावरची बंद पडली होती, काचेच्या आत पाण्याचे थेंब. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना ठरलेल्या वेळेला इन्सुलिन लागायचं. त्यांच्या सूनबाई मेणबत्ती घेऊन दर थोड्या वेळानं वर यायच्या, ‘वहिनी, किती वाजले हो?’ विचारायला, कारण मजल्यावर चालू असलेलं घड्याळ एकच, एका काकांचं जुनं एचएमटी, चावीचं. त्या काळात मोबाइल एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस चालायचा. आताचा महागडा फोन संध्याकाळी सात वाजता मान टाकतो.

मुंबईचंच कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीनं काय भोगलं ते तिथल्या वाचकांना मी सांगायला नको. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा वेळी किती वाजले हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नसतो. कुणाला अर्धांगवायूचा झटका आला तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, सुरुवात किती वाजता झाली? कारण गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मुलाला आकडी आली आणि ती पाच मिनिटांहून जास्त टिकली तर तो तातडीचा प्रसंग समजतात. पण पाच मिनिटं मोजायची कशी? घाबरलेल्या आईला अर्धं मिनिट अर्ध्या तासासारखं वाटतं. कळांमधलं अंतर, सर्पदंशाची वेळ, नाडीचे ठोके, सगळ्याला सेकंद दाखवणारं घड्याळ लागतं.

खाडीच्या आणि समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांना आणखी एक कारण आहे. नदीला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पुराचं पाणी जाणार कुठं? ते गल्लीत शिरतं. भरतीची वेळ वर्तमानपत्रात येते, पण पुरात वर्तमानपत्र येत नाही. कोकणातला आणि इथल्या कोळीवाड्यांतला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती पूर्ण. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तरी पाणी आणखी चढणार की आता उतरणार, सामान माळ्यावर टाकायचं की थोडं थांबायचं, हे ठरवायला तो पुरतो. तिथी कालनिर्णयात मिळेल, वेळ मात्र घड्याळातच बघावी लागेल.

तर असं घड्याळ हवं, जे पाण्यात बंद पडणार नाही, आपटलं तरी चालेल, आणि ऐन वेळी ‘सेल संपला’ म्हणणार नाही. या शेवटच्या अटीसाठी सोलर.

सोलर घड्याळाचं तंत्र समजायला अवघड नाही. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची ही धाकटी बहीण. डायलच्या खाली किंवा कडेला सिलिकॉनचा पातळ थर असतो. काट्यांच्या घड्याळात डायल अशी बनवतात, की आपल्याला ती साधीच दिसते पण थोडा उजेड खाली झिरपू देते. त्या उजेडाची वीज होते आणि आतल्या छोट्या, पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या सेलमध्ये साठते. घड्याळ चालतं ते या साठ्यावर, म्हणून रात्री बंद पडायचा प्रश्न नाही. जपानच्या सिटिझन कंपनीनं १९७६ मध्ये उजेडावर चालणारं काट्यांचं घड्याळ आणलं. हीच सिटिझन, जिच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. एचएमटी घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण जुनी ‘जनता’ अजून कितीतरी घरांत टिकटिक करते आहे. आपल्या टायटननंही २०११ मध्ये उजेडावर चालणारी घड्याळं बाजारात आणली होती.

‘पावसाळ्यात चार महिने ऊन नसतं, मग?’ ही शंका हमखास येते. भर उन्हाची गरज नाही. कॅसिओच्या माहितीपुस्तकांत एक तक्ता असतो. एका दिवसाच्या वापरापुरती वीज भर उन्हात साधारण ८ मिनिटांत साठते, खिडकीतून येणाऱ्या उन्हात अर्ध्या तासात, ढगाळ दिवशी खिडकीपाशी पाऊण तासाच्या आसपास. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र आठेक तास लागतात. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतील, पण अंदाज आला ना? आणि एकदा पूर्ण भरलं की पुढं उजेड अजिबात मिळाला नाही तरी काट्यांची बरीच घड्याळं सहा महिने आणि डिजिटलपैकी अनेक दहा महिने चालतात. आषाढ-श्रावण त्यांचं काही वाकडं करू शकत नाही.

सोलरचा मला वाटणारा खरा फायदा वेगळाच आहे आणि दुकानदार तो सांगत नाहीत. साध्या घड्याळाचा सेल दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. त्यासाठी मागचं झाकण उघडतात. झाकणाखाली रबराची एक बारीक कडी असते, तीच पाणी अडवते. कोपऱ्यावरच्या टपरीत घाईघाईत झाकण दाबून बसवलं, कडी जागेवरून सरकली, की पुढच्या पावसात काचेला आतून वाफ धरलीच म्हणून समजा. सोलरचं झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं? पुढची बाजू नंतर, आधी घड्याळ उलटं करा. मागच्या झाकणावर पाण्याबद्दल लिहिलेलं असतं. तिथं नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ असेल किंवा ३० मीटर असेल तर त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी, थोडा पाऊस, एवढाच. ३० मीटर खोल पाण्यात चालेल असा मुळीच नाही. ही फसगत फार जणांची होते. ५० मीटरचं पोहायला चालतं. डोंगरातला पाऊस, ओढा आणि पुराचं पाणी यांसाठी मी १०० मीटरच्या खाली जाणार नाही. आणि १०० मीटरचं असलं तरी पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत, चावी ओढायची नाही.

आपटण्याचं म्हणाल तर ‘शॉक रेझिस्टंट’ याला एक आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. घड्याळ एक मीटर उंचीवरून कठीण लाकडी पृष्ठभागावर पडावं तेवढा धक्का त्यानं सोसला पाहिजे. ओट्यावरून खाली पडण्याइतका, असं आपण म्हणू. कातळावर पडण्यासाठी त्याहून जास्त हवं. इथं किकुओ इबे या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगायलाच हवी. वडिलांनी दिलेलं घड्याळ त्याच्या हातून पडून फुटलं आणि न फुटणारं घड्याळ करायचंच असं त्याच्या मनानं घेतलं. करून बघितलेले नमुने तो कॅसिओच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून खाली टाकून बघायचा. दोनशेच्या वर नमुने फुटले. शेवटी बागेत चेंडू खेळणाऱ्या एका मुलीकडे बघताना त्याला सुचलं, की चेंडूच्या आत मधोमध काही असतं तर त्याला धक्का लागलाच नसता. घड्याळाचं यंत्र कवचाच्या आत जवळजवळ तरंगतं ठेवायची युक्ती त्यातून आली आणि १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. आजही दणकट सोलर घड्याळ म्हटलं की दुकानदार आधी हेच काढून दाखवतो.

पण सावकाश. यातली बरीच घड्याळं पन्नास मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. आपल्या मनगटावर ती म्हणजे वाटी उपडी घातल्यासारखी. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणारं घड्याळ कपारीत हात घालताना अडकतं, सॅकच्या पट्ट्यात अडकतं, आणि कंटाळून आपण ते काढून ठेवतो. चाळीस ते त्रेचाळीस मिलिमीटरचं, चपटं, शक्यतो चौकोनी घ्या. ‘लेडीज’च्या कपाटात हे मिळणार नाही, ‘जेंट्स’च्या किंवा मुलांच्या कपाटात मागा. दुकानदार ‘मिस्टरांसाठी का?’ विचारेल. हातात घालून, मूठ वळवून, मनगट मागे वाकवून बघा. बटण हाताच्या पाठीत रुततंय का? बांगड्या असतील तर त्या घालूनच दुकानात जा. काचेची कड किंचित वर उचललेली असेल तर बांगडी काचेवर घासत नाही. आणि बांगडीनं बटण दाबलं जाऊन आठवडाभरानं वेळ भलतीच दिसते, हेही होतं. त्यापेक्षा ट्रेकला घड्याळ उजव्या हातात आणि तो हात मोकळा, हे उत्तम.

चाळिशीच्या मैत्रिणींना एक खास सूचना. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे असलेली डिजिटल घड्याळं दिसायला फार देखणी, पण संधिप्रकाशात चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. उजळ पडद्यावर काळे ठळक आकडे असलेलंच घ्या. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली निर्णय घेऊ नका, चष्मा काढा, दाराशी या, नाहीतर काउंटरच्या सावलीत धरून बघा. तारीख-वार दिसायला हवा आणि चोवीस तासांची पद्धत लावता यायला हवी. काळ्याकुट्ट पावसात झोपेतून दचकून उठल्यावर पाच वाजलेत ते पहाटेचे की संध्याकाळचे, हे कळायला मार्ग नसतो.

अंधारात दिसण्याचे प्रकार दोन. डिजिटलमध्ये बटण दाबलं की आतला दिवा लागतो. काट्यांच्या घड्याळात काट्यांवर चमकणारा लेप असतो, घड्याळवाले त्याला अजून ‘रेडियम’च म्हणतात. आज त्यात रेडियम नसतं, निर्धोक रसायन असतं, उजेड पिऊन रात्री सोडणारं. पण एके काळी खरंच रेडियम असायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेतल्या कारखान्यांत कोवळ्या मुली बारीक ब्रशनं घड्याळांचे आकडे रंगवायच्या आणि टोक अणकुचीदार राहावं म्हणून ब्रश ओठात धरायच्या. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कितीजणी मेल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणी कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. कारखान्यातल्या कामगारांच्या हक्कांच्या इतिहासात त्यांचं नाव आदरानं घेतात.

काच तीन जातींची असते. प्लॅस्टिकची काच लवकर ओरखडते, पण फुटत नाही. सफायरवर ओरखडा उठत नाही, पण ती महाग आणि जोरात बसला तर तडकते. मिनरल काच मधली. ट्रेकसाठी मिनरल पुरे.

पट्ट्याकडे कुणी बघत नाही. चामड्याचा पट्टा आपल्या पावसात कुजतो, वास मारतो. धातूचा चालतो, पण आपल्या बारीक मनगटाला कड्या काढून घ्याव्या लागतात. रबरासारखा रेझिनचा पट्टा सोयीचा, मात्र दमट हवेत काही वर्षांनी तो कडक होऊन तुटतो, तेव्हा त्या मॉडेलचा पट्टा सुटा मिळतो का हे खरेदीच्या वेळीच विचारा. नायलॉनचा एकसंध पट्टा घड्याळाच्या पाठीखालून जातो, त्यामुळे एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ दरीत जात नाही. तो साबणानं धुता येतो हे आणखी एक.

काय घेऊ नये, तेही सांगते. रेडिओ लहरींवरून आपोआप वेळ लावून घेणारी घड्याळं महाग असतात. त्यांना वेळ सांगणारी केंद्रं जपान, अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि चीनमध्ये आहेत आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येत नाही. दहिसरला बसून त्याचे पैसे का मोजायचे? उंची, हवेचा दाब, दिशा दाखवणारी घड्याळं हिमालयात जाणारीला उपयोगी. तांदुळवाडीला त्याची गरज नाही आणि त्यातली दिशादर्शकाची सोय वीज जास्त खाते. स्मार्ट घड्याळ पावलं मोजायला छान, पण बहुतेकांना रोज किंवा दोन-चार दिवसांनी चार्जर लागतो, म्हणजे पुरात ते मोबाइलच्याच पंगतीला.

काट्यांवरून दिशा काढायची एक युक्ती पुस्तकात असते. तासकाटा सूर्याकडे धरायचा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. ही युक्ती थंड देशांतली. आपल्याकडे मुंबईला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर तो किंचित उत्तरेला असतो. शिवाय मुंबईची सूर्याची वेळ घड्याळातल्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९५५ पर्यंत शहरात ‘मुंबई टाइम’ वेगळा धरायचे तो यामुळेच. हिवाळ्यात, सकाळी किंवा दुपार कलल्यावर ही युक्ती अंदाजापुरती वापरा, पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका.

किमतीचं काय? साधं सोलर घड्याळ काही हजारांत येतं, जी-शॉक जातीचं त्याच्या दुप्पट-तिप्पट, काट्यांचं नामांकित सोलर त्याहूनही वर. पुष्कळ वाटतात खरे. पण आजच्या भावानं एक ग्रॅम सोन्याच्या पैशात चांगलं सोलर घड्याळ येतं, आणि एका ग्रॅमला आपण ‘काहीच नाही’ म्हणतो. तेवढंही शक्य नसेल तर सात किंवा दहा वर्षं सेल चालणारी साधी डिजिटल घड्याळं पुष्कळ स्वस्त मिळतात. सेल घातल्याचं वर्ष एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, काम भागतं. फूटपाथवरचं, डायलवर ‘सोलर’ छापलेलं दोन-तीनशेचं घड्याळ मात्र घेऊ नका. त्यात सोलर एवढं नावच असतं. मागच्या झाकणावरचा मॉडेल नंबर आणि हमीपत्रावरचा नंबर जुळतो का बघा, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का मारून घ्या.

सोलर घड्याळाला एकच गोष्ट मानवत नाही, आणि ती नेमकी आपली सवय आहे. चांगली वस्तू कपाटात जपून ठेवायची! साडीच्या घडीत महिनोन्‌महिने अंधारात ठेवलेलं सोलर घड्याळ हळूहळू उपाशी पडतं. काट्यांच्या बऱ्याच सोलर घड्याळांत सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला तर समजा त्याला भूक लागली आहे. डिजिटलमध्ये आधी दिवा आणि गजर बंद होतात. तेव्हा वापरात नसेल तेव्हा ते खिडकीजवळच्या खिळ्याला डायल बाहेर करून टांगा. पण गाडीच्या डॅशबोर्डवर, गॅसजवळ किंवा चटका देणाऱ्या बल्बखाली ठेवू नका, उष्णतेनं आतला सेल बिघडतो.

हा सेलही कधीतरी दमतो, पण बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळानं. तेव्हा काय करायचं ते आमच्या स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्या काकांनी मला बजावून सांगितलं, ‘ताई, कुणाला उघडायला देऊ नका. त्यात साधा सेल बसतो बरोब्बर, आणि मग तो आत फुगतो, गळतो.’ ते खरं आहे, कंपन्याही हेच छापतात. सोलरमध्ये पुन्हा भरता येणारा, त्याच मॉडेलचा सेलच लागतो. तेवढ्यासाठी कंपनीच्या सेंटरला जायचं आणि झाकण बसवल्यावर पाण्याची चाचणी करून द्या म्हणून सांगायचं. समुद्रावरून किंवा घामाघूम ट्रेकवरून आलात की नळाच्या साध्या पाण्यानं घड्याळ आणि पट्टा धुवा, बटणांच्या भोवतीचा चिखल जुन्या टूथब्रशनं काढा, मऊ फडक्यानं पुसा आणि परत खिळ्याला टांगा.